अंगाने दूर, कामाला हजर

श्रोते हो, रात्री उशिरा लाईट येते आणि तुम्ही घरात अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाईलवरून मळ्यातली मोटार चालू करता. अंधारातून बांध तुडवायला नको, विंचूकाट्याची धास्ती नको. स्टार्टरच्या पेटीत बसवलेले ते छोटे यंत्र तुमचा हुकूम ऐकते आणि मोटार चालू झाली की तसा निरोपही देते. सोय मोठी आहे, नाही म्हणवत नाही. पण पाट कुठे फुटला आहे, पाणी आपल्या उसात चालले आहे की शेजाऱ्याच्या रानात, हे त्या यंत्राला सांगता येत नाही. ते कळायला तिथे कोणीतरी दारे धरून उभे लागते. आणि तो उभा असलेला गडी शहाणा असला, तर तुमच्या फोनची वाट न बघता खोऱ्याने माती ओढून फुटलेले तोंड बुजवून मोकळा होतो.

हुकूम पोचणे वेगळे आणि आपण स्वतः तिथे असणे वेगळे. आज ज्या यंत्राची माहिती द्यायची आहे ते ह्या दोहोंच्या मधले आहे. त्याला टेलिप्रेझेन्स रोबो म्हणतात. टेली म्हणजे दूर, आणि प्रेझेन्स म्हणजे हजेरी. गुरुजींनी हजेरीपटावरचे नाव पुकारावे आणि मुलाने दहा कोसांवरून 'हजर' म्हणावे, तशातला हा प्रकार. रोबो किंवा यंत्रमानव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी हातापायांचा, आपल्याच अकलेने चालणारा कोणी उभा राहतो. तसे इथे काही नाही. ह्या यंत्राला स्वतःची अक्कल जवळजवळ नसतेच. अक्कल दूरच्या माणसाची, चाके यंत्राची.

दिसायला ते कसे असते? खाली दोन, तीन किंवा चार चाकांचा पाट, त्यावर एक उभी काठी, आणि काठीच्या टोकाला दूरदर्शनसारखा एक पडदा. पडद्यावर दूरच्या माणसाचा चेहरा दिसतो. पडद्याजवळ कॅमेरा, म्हणजे त्या माणसाचे डोळे. ध्वनिग्राहक, म्हणजे कान. आणि एक लहानसा कर्णा, म्हणजे तोंड. खाली बॅटरी. हा सगळा संसार वायफायने इंटरनेटला जोडलेला असतो. दूरचा माणूस, त्याला आपण चालक म्हणू, आपल्या घरी संगणकापुढे बसतो आणि बोटाने कळा दाबून ह्या यंत्राला पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे फिरवतो. 'डबल' नावाचे एक अमेरिकन यंत्र २०१२ सालापासून लोकांपुढे आहे. ते दोनच चाकांवर तोल सांभाळत उभे राहते आणि त्याची काठी सुमारे चार फुटांपासून पाच फुटांपर्यंत कमीजास्त होते. ही उंची उगाच ठेवलेली नाही. समोरचा माणूस खुर्चीवर बसलेला असेल तर आपण त्याच्या डोक्यावर उभे राहून बोलत नाही, वाकतो किंवा बसतो. यंत्रालाही ती रीत पाळता यावी म्हणून ही सोय.

आता ह्या कल्पनेचे मूळ पाहू. ते कचेरीत नाही, धोक्याच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते. त्यांच्याजवळ माणूस गेला की शरीराला अपाय. तेव्हा रेमंड गर्ट्झ नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जाड भिंतीच्या अलीकडे मुठी आणि पलीकडे चिमटे अशी रचना केली. अलीकडच्या माणसाने हात वळवला की पलीकडचा चिमटा तसाच वळे. पहिल्याने हे पोलादी जोडांनी होई. पुढे १९५० नंतरच्या दशकात ते विजेच्या तारांनी होऊ लागले, आणि तार आली म्हणजे अंतर वाढवता येऊ लागले. आपल्याकडे मुंबईत तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे यांत्रिक हात तयार झालेले आहेत. पुढे १९८० साली मार्विन मिन्स्की ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'ऑम्नी' मासिकात एक लेख लिहिला आणि अशा दूरच्या हजेरीला टेलिप्रेझेन्स हे नाव दिले. त्यांना वाटत होते की माणूस अंगात एक खास कोट घालील, घरी बसून हात हलवील, आणि दुसऱ्या देशातल्या खाणीत किंवा कारखान्यात यंत्राचे हात तसेच हलतील. तेवढी मजल अजून गाठलेली नाही. आज कचेऱ्यांतून फिरणाऱ्या बहुतेक यंत्रांना हातच नसतात. ही हातांची उणीव लक्षात ठेवा, तिचे पुढे काम आहे.

मधल्या काळात एक मोठा मासला घडून गेला होता. १७ नोव्हेंबर १९७० रोजी सोव्हिएट रशियाची 'लुनोखोद' नावाची आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली. तिच्यात माणूस नव्हता. तिला हाकणारे पाच जण क्रिमियात बसले होते: एक म्होरक्या, एक चालक, एक वाट ठरवणारा, एक यंत्राची प्रकृती पाहणारा, आणि एक आकाशवाहक पृथ्वीच्या रोखाने धरणारा, म्हणजे ज्याला आपण अँटेना म्हणतो ती सांभाळणारा. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. रेडिओची लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. तेव्हा हुकूम पोचायला सव्वा सेकंदाहून अधिक आणि उत्तर यायला तितकाच, मिळून अडीच सेकंदांच्या वर वेळ जाणार. शिवाय चित्रेही सलग येत नव्हती, काही काही सेकंदांनी एकेक येत होती. खड्डा दिसला म्हणून थांब म्हणावे, तो गाडी खड्ड्याशी येऊन ठेपलेली. तरी त्यांनी ती सुमारे साडेदहा किलोमीटर चालवली. गुरुजनहो, वर्गात प्रकाशाचा वेग शिकवताना हे उदाहरण अवश्य सांगा. मुलांना डोळे बांधून चालवा, आणि मागून हुकूम देणाऱ्याला प्रत्येक शब्द मनात तीन अंक मोजून बोलायला लावा. गंमत होईल आणि वेगाचा अर्थही कळेल.

पृथ्वीवर हा उशीर फार कमी असतो, पण नसतोच असे नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉक्टर झाक मारेस्को ह्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे झोपलेल्या ६८ वर्षांच्या बाईंचे पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढले. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. हुकूम जाऊन चित्र परत येण्यास सुमारे १५५ सहस्रांश सेकंद लागत. काचेच्या तंतूतून प्रकाशाची लहर सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जाते. तेव्हा जाऊन येऊन सुमारे १४,००० किलोमीटरच्या वाटेला त्यातला निम्म्याच्या आसपासच वेळ लागला. बाकीचा चित्राचे संकेत करण्यात आणि संकेतांचे पुन्हा चित्र करण्यात गेला. ५४ मिनिटांत काम झाले. वर्तमानपत्रांनी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचे नाव गाजवले, आणि ते रास्तच आहे. पण स्ट्रासबुर्गला त्या बाईंच्या उशापायथ्याशी दुसरे शस्त्रवैद्य उभे होते. यंत्र मांडणे, रोग्याची तयारी करणे, आणि तार तुटलीच तर हातात सुरी घेणे हे त्यांचे काम. आपल्याकडेही ५ डिसेंबर २०१८ रोजी डॉक्टर तेजस पटेल ह्यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे ३२ किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीवर यंत्रामार्फत उपचार केला. तिथेही रोग्याजवळ डॉक्टरांचा गट हजर होता. दूरच्या हाताला जवळचे हात लागतात, हे दोन्हीकडे दिसते.

बोलण्यातही हा उशीर बोचतो. २००९ साली दहा भाषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात माणसे सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढाच वेळ जाऊ देतात, असे त्यात दिसले. भाषा कोणतीही असो, पारावरच्या गप्पांना हा ठेका असतो. आता उपग्रहावरून बोलणे चालले असेल तर काय होते? उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. लहर वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद गेला, उत्तर येईपर्यंत दुसरा पाव. दूरचा माणूस अजून ऐकतो आहे, आणि इकडच्यांना वाटते की याला काही बोलायचे नाही. ते पुढचे बोलू लागतात, तेवढ्यात त्याचे शब्द येऊन आदळतात. दोघेही थांबतात, दोघेही 'बोला, बोला' म्हणतात, आणि पुन्हा दोघेही एकदम बोलतात. मोबाईलवर चित्र पाहत मुंबईच्या भावाशी बोलताना तुम्ही हे अनुभवले असेल. तार चांगली असली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो, हे सांगायला हवे.

आता कचेरीकडे येऊ. कॅलिफोर्नियात मेनलो पार्क येथे विलो गॅरेज नावाची यंत्रमानव बनवणारी संस्था होती. २०१४ पर्यंत ती जवळजवळ बंद झाली. तिचा एक अभियंता दूर इंडियाना राज्यात राहून काम करी. बैठक असली की त्याचा चेहरा टेबलावरच्या पडद्यावर येई, आवाज येई, बैठक संपली की पडदा बंद. पण कामाच्या जागी खरे बोलणे बैठकीतच होते थोडेच! ते होते जिन्यात, चहाच्या टपरीवर, दाराशी चपला घालताना. शाळेचेही तसेच आहे. मुख्याध्यापकांची सभा एकीकडे, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून 'त्या अमक्या मुलाला अजून जोडाक्षर येत नाही बरं का' हे बोलणे दुसरीकडे. ह्यांपैकी दुसऱ्याला तो दूरचा अभियंता मुकत होता. म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या सुट्या भागांतून पडदा लावलेली एक चाकांची गाडी जुळवली. आता तो वरांड्यातून फिरू लागला, कोणाच्या टेबलाशी जाऊन उभा राहू लागला. तिचे नाव टेक्साय. पुढे त्याच धर्तीवर 'बीम' नावाचे यंत्र २०१२ साली विक्रीला आले. मार्च २०१४ मध्ये एडवर्ड स्नोडन ह्यांनी रशियात राहून कॅनडातील व्हँकुव्हरच्या व्यासपीठावर अशाच यंत्रातून भाषण केले, ते पुष्कळांनी पाहिले.

ह्या गाड्या कामाच्या जागी आल्या तेव्हा माणसे कशी वागली, ह्याचा मिन क्युंग ली आणि लीला ताकायामा ह्या दोन विदुषींनी अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. मला ह्या सगळ्या विषयात तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो. काही सहकारी त्या यंत्राला माणूस समजत, त्याच्याशी अदबीने बोलत. काही जण त्याला टेबलखुर्चीच्या पंगतीत बसवीत. कोणी बोलता बोलता त्याच्या खालच्या पाटावर पाय टेकून आरामात बसे. इकडच्याला ते लाकडी पाट वाटे, तिकडच्याला आपल्या अंगावर कोणी पाय ठेवल्यासारखे होई. न विचारता ढकलून बाजूला केले तरी तसेच. नवल आहे की नाही? लोखंडाला दुखत नाही, पण त्यातून बघणाऱ्याला दुखते. आपल्याकडे बैलगाडीला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसे आहेत. त्यांना हे समजावून सांगायला नको.

चूक सगळी इकडच्यांचीच होई असेही नाही. तिकडच्याला आपला आवाज इकडे किती मोठा उमटतो ते कळत नाही. स्वतःच्या खोलीत आपण कुजबुजलो की कुजबुज कानाला कळते. पण आपला कर्णा दुसऱ्या गावी असला म्हणजे तो मंद वाजतो आहे की लग्नाच्या मांडवासारखा बोंबलतो आहे, हे कसे समजावे? शांत खोलीत बाकीचे मान खाली घालून काम करीत असतात आणि हा आपला मोठ्याने 'नमस्कार' म्हणत शिरतो. शिवाय कॅमेऱ्याला आजूबाजूचे थोडे दिसते. आपण चालताना डोळ्यांच्या कडेने खांब चुकवतो. त्याला कड नाही. म्हणून तो टेबलाला धडकतो, तारेत अडकतो. अशा वेळी जवळच्याने हसून घ्यावे आणि 'थोडं मागं घ्या, उजवीकडं जागा आहे' असे सांगावे. ह्यात खरी दोस्ती होते.

नजरेचाही एक घोटाळा आहे. कॅमेरा पडद्याच्या वर असतो. दूरचा माणूस पडद्यावरच्या तुमच्या डोळ्यांत पाहतो, आणि तुम्हाला वाटते की तो खाली पाहतो आहे, बोलणे टाळतो आहे. नवऱ्यामुलीने खाली पाहिले तर आपण त्याला मर्यादा म्हणतो, आणि सहकाऱ्याने पाहिले तर मनात शंका येते. यंत्राची रचना माहीत असली म्हणजे शंका उरत नाही. दूरच्याने महत्त्वाचे वाक्य बोलताना तेवढे कॅमेऱ्याकडे पाहावे, इतका उपाय पुरतो.

आणि आता हातांची गोष्ट. ह्या यंत्राला दार उघडता येत नाही. उद्वाहकाची, म्हणजे लिफ्टची, कळ दाबता येत नाही. लिफ्टच्या लोखंडी पेटीत वायफाय पोचत नाही, तेव्हा आत शिरताच तो मुका आणि आंधळा होतो. एका खोलीतल्या वायफायच्या टप्प्यातून दुसऱ्या खोलीच्या टप्प्यात जाताना मध्येच चित्र गोठते. ह्या प्रत्येक ठिकाणी कोणा जवळच्याला उठावे लागते: दार धरायला, कागद कॅमेऱ्यापुढे धरायला, फळ्यावर काय लिहिले ते वाचून दाखवायला. हे काम कोणाच्या नावावर मांडलेले नसते, पगारात धरलेले नसते. पहिल्या आठवड्यात सगळे धावतात, महिन्याने कोणी उठत नाही. आणि मग दूरचा माणूस मिटलेल्या दारापुढे उभा राहतो, हाक मारायलाही संकोचतो. माझे मत असे की ज्या ठिकाणी हे यंत्र आणायचे तिथे आधी जवळचा सोबती नेमावा, त्याचे तेवढे काम हलके करावे, आणि मग यंत्राची किंमत विचारावी. किंमत काही लाखांच्या घरात जाते, हेही सांगून ठेवतो.

दूरच्याने पडद्यावरून बोलणे पुरेसे मानले म्हणजे काय होते, त्याचा एक दुःखद दाखला २०१९ सालचा आहे. कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात एका म्हाताऱ्या, अत्यवस्थ रोग्याच्या खोलीत रात्री असे यंत्र आले. पडद्यावर डॉक्टर होते. त्यांनी सांगितले की आता फार दिवस नाहीत, कदाचित घरीही जाता येणार नाही. रोग्याला एका कानाने ऐकू येत नव्हते, आणि यंत्राला खाटेच्या दुसऱ्या अंगाला वळून जाता येईना. जवळ नात बसलेली. डॉक्टरांचे ते शब्द तिला आपल्या आजोबांच्या कानाशी पुन्हा मोठ्याने म्हणावे लागले. डॉक्टर खोटे बोलले नाहीत, यंत्र बिघडले नाही. पण त्या क्षणी खाटेवर टेकून हातात हात घ्यायला डॉक्टर स्वतः तिथे नव्हते. पुढे तो रोगी गेला, आणि वर्तमानपत्रांतून ह्याची पुष्कळ चर्चा झाली. दुसऱ्याच वर्षी करोनाची साथ आली. तेव्हा ज्या रोग्यांजवळ जायला नातेवाइकांना बंदी होती, त्यांना हीच तऱ्हेची यंत्रे घरच्यांचा चेहरा दाखवू लागली, आणि लोकांनी त्यांचे उपकार मानले. यंत्र तेच. कोणी येऊ शकत असताना पाठवले की ते अपमान होते, कोणी येऊच शकत नसताना आले की आधार.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्या कामाचे. दीर्घ आजाराने घरी किंवा दवाखान्यात पडलेल्या मुलासाठी नॉर्वेतील नो आयसोलेशन नावाच्या संस्थेने एव्ही-वन हे यंत्र केले आहे. ते फिरत नाही. पांढरे, बाहुलीएवढे, बाकावर ठेवायचे. मूल घरून आपल्या पाटीसारख्या टॅबलेटवर बोट फिरवते आणि बाहुलीचे डोके तिकडे वळते. त्याला हात वर करायचा असला की डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. आज अंगात त्राण नाही, नुसते ऐकायचे आहे, असे असले तर डोके निळे दिसते, म्हणजे बाईंनी प्रश्न विचारू नये. आणि विशेष हे, की मुलाला वर्ग दिसतो, पण वर्गाला मूल दिसत नाही. औषधांनी केस गेलेले, चेहरा सुजलेला, असे मूल आपले रूप दाखवायला लाजते. त्याला हजेरी हवी असते, प्रदर्शन नको. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्या बाहुलीला उचलून न्यायचे काम वर्गमित्रांचे. दप्तराबरोबर मित्रही काखेत घेऊन प्रयोगशाळेत निघाले, असे ते दिसते.

ह्याच्या उलट एक गोष्ट दक्षिण कोरियात घडली. डिसेंबर २०१० मध्ये देगू शहरातील २१ प्राथमिक शाळांत २९ यंत्रमानव इंग्रजी शिकवण्यासाठी आणले. उंची मीटरभर. आतला आवाज फिलिपीन्समध्ये बसलेल्या शिक्षिकांचा होता. त्यांना मुले दिसत, मुलांना त्या ऐकू येत. पण यंत्राच्या पडद्यावर चेहरा दाखवला होता तो एका गोऱ्या बाईचा, चित्रातला. शिक्षिका हसली की ते चित्र हसे. मुले त्या चित्रावर खूष झाली असतीलही. मला मात्र ते पटत नाही. नॉर्वेच्या मुलाने आपला चेहरा आपण होऊन झाकला. इथे शिकवणारीचा चेहरा दुसऱ्यांनी झाकला. श्रम तिचे, आवाज तिचा, आणि तोंड मात्र भलत्याचेच.

शेवटी तोक्योची हकिकत सांगतो. केंतारो योशिफुजी नावाचे गृहस्थ लहानपणी आजारपणाने सुमारे साडेतीन वर्षे शाळेला मुकले होते. घरात पडून राहण्याचे ते एकाकीपण त्यांच्या मनातून गेले नाही. मोठेपणी त्यांनी ओरिहिमे नावाचा वीतभर उंचीचा यंत्रमानव केला. त्यावर पडदा नाही. जपानी नो नाटकातल्या मुखवट्यासारखा साधा चेहरा आहे, ज्यात पाहणाऱ्याने आपल्या माणसाचा भाव कल्पावा. त्यांचा एक सहकारी लहानपणच्या अपघाताने मानेखाली लुळा पडलेला होता. तो दूर आपल्या गावी खाटेवर राहून, हनुवटीने संगणक चालवून, ओरिहिमेतून त्यांच्या कचेरीत चिटणिसाचे काम पाही. एकदा योशिफुजी थट्टेने त्याला म्हणाले की चिटणीस असून पाहुण्यांना कॉफी आणून देत नाहीस. तो म्हणाला, मग तसे अंग करून द्या. ती थट्टा त्यांनी मनावर घेतली. हा सहकारी २०१७ साली वारला, पण १२० सेंटिमीटर उंचीचा, तबक धरणारा ओरिहिमे-डी पुढे तयार झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये काही दिवसांपुरते उपाहारगृह मांडून पाहिले. त्यात काम करणाऱ्यांना तासाला १,००० येन मजुरी दिली. आणि जून २०२१ मध्ये तोक्योच्या निहोनबाशी भागात 'डॉन' नावाचे कायमचे उपाहारगृह उघडले.

तिथे तुम्ही बसलात की टेबलावरचा लहान ओरिहिमे नमस्कार करून काय हवे ते विचारतो. बोलणारा कुठल्याशा गावी अंथरुणावर असतो. कोणाचे स्नायू हळूहळू निकामी होत चाललेले, बोलणेही गेलेले. तो नजर फिरवून अक्षरे निवडतो आणि यंत्राकडून वाक्य वदवतो. रांधणारे, टेबल पुसणारे, यंत्राची वाट मोकळी ठेवणारे लोक जागेवर असतात. गिऱ्हाइकाशी गप्पा मारणे हे दूरच्याचे, वाफाळलेली थाळी आणणे हे जवळच्याचे. कोणी कोणाचे काम फुकटात करीत नाही. दोघांनाही मजुरी आहे. दयेने दिलेल्या पैशांत आणि 'आज माझी पाळी आहे' असे म्हणून मिळवलेल्या पैशांत काय अंतर आहे, ते कधी काळी महिनोन् महिने खाटेवर पडलेल्या माणसाला विचारावे.

हे यंत्र उद्या आपल्या गावच्या शाळेत येईल असे मी म्हणत नाही. पण एखाद्या मुलाचा पाय मोडला, दीड महिना त्याला घरी बसणे आले, तर एक साधा मोबाईल आणि सुताराकडून करून घेतलेले लाकडी बैठक-पाट एवढ्यावर पुष्कळ साधते. फोन गुरुजींच्या टेबलावर ठेवू नका. त्या मुलाच्या रोजच्या जागी, शेजाऱ्याच्या बाजूला ठेवा. एक मुलगा आठवड्याच्या पाळीने सोबती नेमा. फळ्याकडे, मग गटाकडे फोन वळवणे, कोणी हळू बोलले तर ते पुन्हा सांगणे, हे त्याचे काम. प्रश्न विचारल्यावर घरच्या मुलासाठी मनात तीन अंक मोजून थांबा, नाहीतर वर्गातलेच बोट नेहमी आधी वर येणार. मधल्या सुट्टीत फोन बंद करू नका. खरी शाळा तेव्हाच भरते हे तुम्हालाही ठाऊक आहे. मात्र वर्गातल्या इतर मुलांना आणि त्यांच्या घरी हे आधी सांगून ठेवा, आणि चित्रण साठवायचे नाही हे ठरवून टाका. आपल्याला कोण पाहते आहे हे प्रत्येकाला कळायलाच हवे.

आणि एक लहानशी बाब राहिली. फिरत्या यंत्राच्या चालकाने काम संपल्यावर ते हाकत हाकत चार्जिंगच्या जागी नेऊन उभे करायचे असते, बैल गोठ्यात बांधावा तसे. तिकडे दिवस मावळला, घाई झाली, संगणक तसाच मिटला, तर यंत्र वरांड्याच्या मधोमध उभे राहते आणि रात्रीत त्याची बॅटरी संपते. सकाळी झाडू घेऊन येणाऱ्या बाई ते ढकलत जागेवर नेतात. ज्या कचेरीत त्या बाईंचे नाव दूरच्या चालकाला माहीत असते, तिथे यंत्र बहुधा वेळेवर जागेवर गेलेले आढळते.